‘डुक्कर फियाट’ ते ‘पद्मिनी’ : एका गाडीची ओळख पटवताना

रत्नागिरी : कोकणातील एखाद्या वाडीत, घरामागच्या मांगरात ताडपत्रीखाली झाकलेली जुनी मोटार दिसली आणि ती कोणती असे विचारले, तर पुष्कळदा एका शब्दात उत्तर मिळते : ‘फियाट’. सांगणाऱ्याच्या लेखी ते उत्तर पुरेसे असते. जुन्या मोटारींच्या जाणकाराचे मात्र तेवढ्याने समाधान होत नाही. तो ताडपत्री वर करतो, पुढचे दार कोणत्या बाजूने उघडते ते पाहतो, मागे वळून मडगार्डाची ठेवण न्याहाळतो आणि मग ठरवतो, की ही ‘डुक्कर फियाट’, ही ‘डिलाइट’, ही ‘पद्मिनी’. एकाच नावाखाली वावरलेल्या या निरनिराळ्या गाड्यांची तुलना हा आजवर केवळ हौशी मंडळींचा छंद समजला जात असे. केंद्र सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरील वाहनांसाठी स्वतंत्र नियम केल्यापासून या छंदाला व्यवहाराची बाजूही आली आहे. गाडी वारसा ठरणार की भंगार, हे तिचे नेमके रूप, तिचे वय आणि तिचे मूळपण यांवर अवलंबून राहू लागले आहे.

छंद जगभरचा

एकाच गाडीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवून त्यांतील फरक मोजण्याचा हा छंद इटालियन मोटारींच्या बाबतीत जगभर विशेष रंगतो. लॅम्बोर्गिनी कंपनीची ‘काउंटॅश’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. मार्चेल्लो गांदिनी यांनी रेखाटलेली ही पाचरीच्या आकाराची वेगवान गाडी १९७४ मध्ये उत्पादनात आली आणि १९९० पर्यंत बनत राहिली. एलपी ४०० ही पहिली आवृत्ती अंगावर कोणताही जादा साज नसलेली होती. १९७८ च्या एलपी ४०० एस आवृत्तीला रुंद टायर आणि फुगीर मडगार्ड आले. १९८५ च्या ‘क्वात्रोवाल्व्होले’मध्ये इंजिन ५१६७ सी.सी. इतके मोठे झाले, तर १९८८ ची आवृत्ती कंपनीच्या रौप्यमहोत्सवानिमित्त निघाली. पहिलीचे निर्मळ रूप श्रेष्ठ की नंतरचीची ताकद, यावर तिचे चाहते आजही वाद घालतात.

योगायोग असा, की ज्या १९७४ साली इटलीत काउंटॅश रस्त्यावर आली, त्याच वर्षी मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या एका इटालियन गाडीला ‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव मिळाले. दोघींमध्ये वेगाची, किमतीची वा दिमाखाची तुलना संभवत नाही. चाहत्यांनी आवृत्त्यांचे बारकावे जपावेत, हे भाग्य मात्र दोघींच्याही वाट्याला आले. काउंटॅश मराठी माणसाने भिंतीवरच्या चित्रात पाहिली. फियाटमध्ये तो बसला.

मूळ गाव तुरीन

या घराण्याची पाळेमुळे १९३७ पर्यंत मागे जातात. त्या वर्षी तुरीनच्या फियाट कंपनीने १०८९ सी.सी. क्षमतेच्या इंजिनाची एक छोटी कुटुंबवत्सल गाडी आणली. दांते जियाकोसा या अभियंत्याचा तिच्या घडणीत मोठा वाटा होता. या इंजिनातील सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. हे दोन आकडे लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण साठ वर्षांनंतर मुंबईच्या टॅक्सीत धडधडणाऱ्या इंजिनाचेही आकडे तेच होते.

१९५३ च्या मार्च महिन्यात जिनिव्हा येथील प्रदर्शनात फियाटने ‘११००-१०३’ ही नवी गाडी सादर केली. इटालियन भाषेत अकराशे म्हणजे ‘मिलेचेंतो’. तेच तिचे लोकप्रिय नाव झाले. पूर्वीच्या गाड्यांत लोखंडी सांगाडा वेगळा आणि त्यावर बसवलेली बॉडी वेगळी, अशी रचना असे. मिलेचेंतोमध्ये सांगाडा आणि बॉडी एकसंध झाली. त्यामुळे गाडी हलकी झाली, पण तिच्या पत्र्यावरच गाडीचा सारा भार आला. कोकणातील आजच्या फियाटमालकाच्या बहुतेक अडचणींचे मूळ या रचनेत आहे. त्याचा उल्लेख पुढे येईलच.

इटलीत ही गाडी दर दोन-तीन वर्षांनी बदलत गेली. १९५७ मध्ये मागच्या बाजूला लहान पंख आणि मोठी डिकी आली, १९६० मध्ये पुढची दारे उघडण्याची बाजू बदलली आणि १९६२ मध्ये ‘११०० डी’ हे सरळ रेषांचे सुबक रूप आले. त्यात १२२१ सी.सी.चे मोठे इंजिन होते. १९६६ मध्ये ‘११०० आर’ आली आणि १९६९ मध्ये फियाट १२८ या नव्या गाडीसाठी मिलेचेंतोचे घराणे इटलीपुरते संपले.

कुर्ल्यातील दुसरा जन्म

सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ची स्थापना केली. जहाजबांधणी, विमाने आणि मोटारी ही तिन्ही क्षेत्रे भारतीय भांडवलाने उभी राहावीत, असा त्यांचा ध्यास होता. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ आदी गाड्यांची जुळणी होत असे. पन्नासच्या दशकाच्या प्रारंभी फियाटशी सहकार्य सुरू झाले. १९५३ च्या सुमारास सरकारी धोरणही बदलले. सुटे भाग आणून केवळ जुळणी करण्याऐवजी टप्प्याटप्प्याने भारतातच उत्पादन करणाऱ्या कंपन्यांना प्रोत्साहन देण्याचे ठरले. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्यांनी त्यानंतर येथून काढता पाय घेतला. मैदानात मोजक्याच देशी कंपन्या उरल्या आणि १९५४ पासून मिलेचेंतो कुर्ल्याची झाली.

ओळखीच्या खुणा

हौशी मंडळींच्या तुलनेचा खरा प्रांत येथून सुरू होतो. भारतातील फियाटचे ढोबळमानाने तीन कालखंड पडतात.

पहिला कालखंड गोलाईच्या गाड्यांचा. ‘मिलेचेंतो’, ‘एलिगंट’, ‘सिलेक्ट’ आणि ‘सुपर सिलेक्ट’ ही नावे पन्नासच्या दशकापासून साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एकापाठोपाठ आली. फुगीर बॉनेट, गोलसर छप्पर आणि मागे गुबगुबीत अंग यांमुळे मुंबईच्या रस्त्यावर या गाड्यांना ‘डुक्कर फियाट’ असे नाव पडले. नावात हेटाळणी असली तरी आज संग्राहकांकडे सर्वाधिक मान याच गाडीला आहे. सुरुवातीच्या गाड्यांची सर्वांत सोपी खूण म्हणजे पुढची दारे. त्यांच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला असत, त्यामुळे दार कपाटासारखे पुढून मागे उघडे. साडी नेसलेल्या वा वृद्ध प्रवाशांना चढण्या-उतरण्यास ही रचना सोयीची होती. परंतु धावत्या गाडीत दार नीट लागलेले नसेल, तर वारा ते मिटवण्याऐवजी फाडल्यासारखे उघडत असे. याच धोक्यामुळे जगभरच्या कंपन्यांनी ही पद्धत सोडली.

दुसरा कालखंड १९६४ पासूनचा. इटलीची ११०० डी येथे ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून आली. रेषा सरळ झाल्या, पुढची जाळी आडवी पसरली, मागे छोटे पंख आले आणि दारे पुढच्या बिजागरीवर उघडू लागली. मुंबईत टॅक्सी म्हणून या रूपाची वाटचालही १९६४ पासूनच सुरू झाली. त्याच सुमारास पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी घेतलेली फियाट सर्वश्रुत आहे. बारा हजार रुपयांच्या त्या गाडीसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून पाच हजारांचे कर्ज काढले होते. त्यांच्या निधनानंतर ललितादेवींनी ते फेडले. ही गाडी दिल्लीतील शास्त्री स्मारकात जपून ठेवलेली आहे.

तिसरा कालखंड नामांतराचा. फियाटबरोबरचा परवान्याचा करार संपल्यावर १९७२ च्या सुमारास हीच गाडी अल्पकाळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. चितोडच्या राणीचे नाव धारण करूनही लोकांच्या तोंडी ती ‘फियाट’च राहिली. डिलाइट आणि सुरुवातीची पद्मिनी यांची तुलना म्हणूनच सर्वांत कठीण ठरते. अंगलट एकच, इंजिनाची जातकुळी एकच, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली, पुढे सलग बाकासारखे आसन, चारही चाकांना ड्रम ब्रेक, मागे पाटे आणि पुढच्या दारांना वारा आत घेणारी त्रिकोणी काच. फरक शोधायचा तो नावाच्या पट्टीत, जाळीच्या नक्षीत, डॅशबोर्डवरच्या घड्याळांत आणि काचेवर कोरलेल्या निर्मात्याच्या खुणेत.

अखेरच्या वर्षांत पद्मिनी पुन्हा थोडी बदलली. नव्वदच्या दशकात १३६६ सी.सी.चे इटालियन बनावटीचे डिझेल इंजिन असलेली आवृत्ती निघाली. ‘एस वन’ या शेवटच्या आवृत्तीत गिअरचा दांडा जमिनीवर आला आणि पुढची आसने वेगवेगळी झाली. मात्र दांड्याची जागा ही खूण फसवी आहे. ऐंशीच्या दशकात अनेक मालकांनी जुन्या गाड्यांतही गॅरेजमधून जमिनीवरचा गिअर बसवून घेतला होता. तेवढ्यावरून आवृत्ती ठरवू गेल्यास फसगत होते.

नाव बदलले, गाडी तीच

सर्व आवृत्त्या एका रांगेत मांडल्या की एक गोष्ट ठळकपणे दिसते. इटलीने सोळा वर्षे एकच नाव राखले आणि त्याखालची गाडी सतत बदलली. भारतात १९६४ नंतर नाव दोनदा पालटले, गाडी मात्र जवळपास तीच राहिली. तुरीनमध्ये जे रूप चार वर्षांत मागे पडले, ते कुर्ल्यात २००० सालापर्यंत टिकले.

याचे कारण बाजाराच्या रचनेत होते. अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड एवढ्याच प्रमुख मोटारी देशात बनत. किती बनवायच्या याला परवान्याची मर्यादा होती, किती किमतीला विकायच्या हेही काही काळ सरकार ठरवत होते. या किमतींचा वाद १९७१ मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोंदणी केल्यावर गाडीसाठी वर्षानुवर्षे थांबणारा ग्राहक दारात उभा असताना नवे रूप आणण्याची निकड कोणालाच नव्हती. १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि हे चित्र पालटले. प्रीमियरने १९८५ मध्ये फियाट १२४ च्या रूपाची, निसान इंजिनाची ‘११८ एनई’ आणली, तरीही पद्मिनी सुरूच राहिली. तिचा भरवशाचा ग्राहक टॅक्सीवाला होता. गाडी कोणत्याही नाक्यावर दुरुस्त होई, सुटे भाग मिळत आणि टपावरच्या कॅरिअरवर गावी जाणारे सामान मावे, हे त्याच्या दृष्टीने पुरेसे होते.

म्हणूनच पद्मिनीच्या छोट्या-छोट्या फरकांना एरवी मिळणार नाही इतके महत्त्व येते. जिथे गाडीच बदलत नाही, तिथे जाळीची नक्षी हाच इतिहासाचा पुरावा ठरतो.

खारा वारा आणि घाटरस्ते

रत्नागिरी जिल्ह्यात या पुराव्याचा सर्वांत मोठा शत्रू गंज हा आहे. येथे पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि उरलेले आठ महिने खारा वारा वाहतो. फियाटची बॉडी एकसंध असल्याने दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा गंजली, तर केवळ शोभा जात नाही, गाडीची ताकदच जाते. दार उघडल्यावर ते किंचित खाली लोंबले किंवा लावताना उचलून लावावे लागले, तर सांगाडा बसू लागल्याचे ते लक्षण मानतात. वरून लांबी भरून रंग मारलेली गाडी देखणी दिसते. खाली वाकून पाहिल्याशिवाय तिचे खरे स्वरूप कळत नाही.

दुसरी परीक्षा घाटाची. सुमारे चाळीस अश्वशक्तीचे इंजिन, नऊशे किलोच्या आसपासची गाडी आणि आत माणसे व सामान खच्चून भरलेले, अशा स्थितीत कशेडी, परशुराम वा आंबा घाट चढताना रेडिएटरचे पाणी उकळणे ही नित्याची बाब होती. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटला की पंपावर ओले फडके ठेवून वाट पाहिली जाई. या त्रासाला कंटाळून अनेकांनी पूर्वी इंजिनेच बदलली. कोणी डिझेल इंजिन बसवले, कोणी दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स जोडला. पुढे मुंबईतील कित्येक टॅक्सींना सीएनजीची टाकी बसली. त्या काळी हा शहाणपणाचा व्यवहार होता. आज तोच निर्णय गाडीच्या आड येतो आहे.

अलीकडे पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेल्याने आणखी एक काळजी वाढली आहे. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या प्रकारच्या रबरी नळ्या व पडद्यांना ते मानवत नाही. दीर्घकाळ उभ्या असलेल्या गाडीची टाकी आतून गंजण्याचा धोका दमट हवेत अधिक असतो. इंधनाच्या नळ्या आणि पंपाचा पडदा नव्या प्रतीचा बसवणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

नियम काय सांगतो

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांचे नियम अधिसूचित केले. पहिल्या नोंदणीच्या तारखेपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेली दुचाकी वा चारचाकी त्यासाठी पात्र ठरते. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती दहा वर्षे चालते. पुढील नूतनीकरणास पाच हजार रुपये लागतात. नव्याने नोंदणी होणाऱ्या वाहनाच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. आधीच नोंदणी असलेल्या वाहनाला आपला मूळ क्रमांक राखता येतो. १९८९ पूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकाचे अप्रूप असणाऱ्यांसाठी ही मोठी सवलत आहे. अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यापुरतीच मुभा आहे.

या अटी समोर ठेवल्या की आवृत्त्यांच्या तुलनेचा उपयोग कळतो. डुक्कर फियाट आणि डिलाइट यांची पन्नाशी उलटली आहे. १९७४ मध्ये नोंदलेली पहिली पद्मिनी २०२४ मध्ये पन्नास वर्षांची झाली. त्यानंतरच्या गाड्या दरवर्षी एकेक करून त्या रांगेत येतील. मात्र डिलाइटच्या अंगावर पद्मिनीची जाळी आणि पोटात तिसऱ्याच गाडीचे इंजिन असेल, तर वय भरूनही मूळपणाचा प्रश्न उभा राहतो.

म्हणून मांगरातील गाडीविषयी निर्णय घेण्यापूर्वी चार गोष्टी तपासून पाहाव्यात, असा जाणत्यांचा सल्ला असतो. आर.सी. बुकातील उत्पादन वर्ष आणि पहिल्या नोंदणीची तारीख पाहावी. चेसिस आणि इंजिन क्रमांकावर कागद धरून पेन्सिलने ठसा घ्यावा आणि तो कागदपत्रांशी जुळतो का, हे पाहावे. मूळ जाळी, नावाची पट्टी, घड्याळे, काचा असे काढून ठेवलेले भाग भंगारात न देता सांभाळावेत. आणि पत्राकाम करण्यापूर्वी गाडीची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढून ठेवावीत, म्हणजे पुढे कोणता पत्रा मूळ होता याचा पुरावा राहतो.

मधली तीस वर्षे

नियमाने एक प्रश्न सोडवला, तरी दुसरा तसाच आहे. मुंबईत टॅक्सीसाठी २००८ मध्ये २५ वर्षांची आणि २०१३ मध्ये २० वर्षांची वयोमर्यादा आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत भरल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी नाहीशी झाली. निदान एक तरी टॅक्सी जतन करावी, अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने सरकारकडे केली होती. तिला यश आले नाही.

खासगी गाड्यांची स्थिती थोडी बरी असली तरी सोपी नाही. पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी, तपासणी आणि पर्यावरण कर भरावा लागतो. वीस वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाले. व्हिंटेजचे संरक्षण मात्र पन्नाशीनंतर मिळते. मधली तीस वर्षे गाडी मालकाने स्वतःच्या हिमतीवर जगवायची असते.

या तीस वर्षांच्या फटीत आज ऐंशी आणि नव्वदच्या दशकांतील पद्मिनी सापडल्या आहेत. संग्राहकांचा ओढा गोलाईच्या जुन्या गाड्यांकडे आहे. त्यामुळे डुक्कर फियाटला गिऱ्हाईक मिळते, तर डिझेलची पद्मिनी किंवा ‘एस वन’ वजनावर विकली जाते. ज्या आवृत्त्या सर्वांत अलीकडच्या, त्याच सर्वांत आधी नामशेष होण्याची चिन्हे आहेत. हिशेब साधा आहे : २००३ मध्ये नोंदलेली पद्मिनी पन्नाशीला पोचेल ती २०५३ मध्ये. तोवर कोकणातल्या एखाद्या मांगरात ती तग धरून राहिली, तर ताडपत्री वर करून पाहणाऱ्या त्या वेळच्या जाणकाराला तिच्या शेजारी ठेवून तुलना करायला दुसरी गाडी मिळेलच, असे आज सांगता येत नाही.